चिखलदरा की कीचकदरा? गावाच्या नावाची गोष्ट कशी ऐकावी



आजचा विषय तसा घरगुती आहे. आपल्या गावाचे नाव कसे पडले, याची एखादी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. कुठे वनवासातले राम-सीता मुक्कामाला थांबलेले असतात. कुठे पांडव एका रात्रीत देऊळ बांधायला घेतात आणि कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे टाकून निघून जातात. कुठे एखाद्या राजाचा घोडा अडखळतो. गोष्ट सांगणारे आजोबा अगदी खात्रीने सांगतात, ऐकणारी मुले तितक्याच खात्रीने ऐकतात. पुढे ती मुले कॉलेजात जातात, चार पुस्तके वाचतात आणि एक दिवस म्हणतात, ‘हे सगळं थोतांड आहे.’

म्हणजे आपल्यापुढे दोनच पर्याय ठेवले जातात. एक, गोष्ट हाच इतिहास. दोन, गोष्ट म्हणजे भाकडकथा, सोडून द्या. माझे आजचे म्हणणे असे आहे की हे दोन्ही पर्याय आळशी आहेत. गावाच्या नावाची गोष्ट ही एका प्रश्नाचे बहुधा चुकीचे उत्तर असते, आणि दुसऱ्या एका प्रश्नाचे बरेचसे खरे उत्तर असते. हे दोन प्रश्न वेगळे करता आले, तर गोष्टही वाचते आणि इतिहासही. नाही करता आले, तर नुकसान होते, आणि ते कोणाचे होते हेही आपण पाहू.

हवेत बोलण्यापेक्षा एक ठिकाण घेऊ. विदर्भातले चिखलदरा.

दरीतला कीचक

अमरावती जिल्ह्यात, गाविलगडच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर चिखलदरा आहे. विदर्भातले हे थंड हवेचे ठिकाण. भोवती मेळघाटचे सागवानी जंगल. महाराष्ट्रात जिथे कॉफी होते, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. तिथे गेलात की भीमकुंड नावाची खोल दरी आणि कुंड दाखवतात, आणि गोष्ट सांगतात.

गोष्ट अशी. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे राहिले, ते इथेच. द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी झाली. राणीचा भाऊ कीचक, राज्याचा सेनापती, तिच्या मागे लागला. भीमाने त्याला मारले आणि प्रेत या दरीत फेकून दिले. मग कुंडात हात धुतले, म्हणून ते भीमकुंड. दरीत कीचक पडला, म्हणून ती कीचकदरा. कीचकदऱ्याचा बोलता बोलता झाला चिखलदरा.

जवळच वैराट नावाचे ठिकाण आहे, मेळघाटातले सर्वांत उंच, सुमारे ११७८ मीटर. वैराट म्हणजे विराटाचे. झाले, पुरावा मिळाला!

आता ही गोष्ट तपासू. तपासणे म्हणजे टिंगल करणे नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

तीन कसोट्या

पहिली कसोटी उच्चाराची. ‘कीचक’चे ‘चिखल’ होऊ शकते का? अक्षरांची अदलाबदल मराठीला नवी नाही. ‘नुकसान’चे आपण ‘नुसकान’ करतो, ‘मतलब’चे ‘मतबल’ करतो. वाराणसीचे बनारस झाले, त्यातही र आणि ण यांनी जागा बदलल्या आहेत. तेव्हा ‘कीच’चे ‘चिक’ होणे अशक्य नाही. पण इथे तेवढ्याने भागत नाही. अदलाबदल झाली, मग ‘क’चा ‘ख’ व्हायला हवा, आणि शेवटच्या ‘क’चा ‘ल’ व्हायला हवा. तीन बदल, तेही एकाच छोट्या शब्दात. आणि हे तिन्ही बदल होऊन जो शब्द तयार झाला तो नेमका मराठीतला रोजचा, पायाला लागणारा ‘चिखल’! इतका योगायोग दिसला की शंका घ्यावी. उलट बाजूने पाहा. ‘चिखल’ हा शब्द जुना आहे, प्राकृतात ‘चिक्खल्ल’ असे त्याचे रूप सापडते. दरा म्हणजे दरी. चिखलाचा दरा. पावसाळ्यात त्या डोंगरात चालून बघा, वेगळे व्याकरण शिकावे लागत नाही.

दुसरी कसोटी शेजारपाजारची. एकट्या नावाकडे पाहिले की माणूस फसतो. तशाच नावांची रांग लावावी. चिखली, चिखलठाणा, चिखलगाव, चिखलवाडी. अशी नावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. चिखलठाण्यात कोणी कीचकाला शोधत नाही. बुलढाण्याच्या चिखलीत कोणी भीमाला नेत नाही. इतक्या ठिकाणी ‘चिखल’ म्हणजे चिखल, आणि एकाच ठिकाणी तो कीचक, असे मानायचे तर त्याला काहीतरी वेगळे कारण द्यावे लागेल.

तिसरी कसोटी ग्रंथाची. महाभारतात कीचकवध होतो तो नर्तनशाळेत, रात्री. भीम त्याचा असा काही चेंदामेंदा करतो की हात-पाय कुठले हे ओळखू येत नाही. प्रेत दरीत टाकल्याचा प्रसंग तिथे नाही. उलट त्याचे भाऊबंद त्याच्याबरोबर द्रौपदीलाही जाळायला नेतात, आणि भीमाला पुन्हा धावावे लागते. राहिला विराटाच्या राजधानीचा प्रश्न. विराट हा मत्स्य देशाचा राजा. त्याची नगरी म्हणून अभ्यासक सहसा राजस्थानातल्या बैराटकडे बोट दाखवतात. पण आपल्याकडे वाईलाही विराटनगरी म्हणतात, तिथे जवळ वैराटगडही आहे. कर्नाटकात हनगलही तोच मान सांगते. म्हणजे एकच विराट, आणि राजधान्या चार! चारही ठिकाणचे लोक खोटे बोलतात का? नाही. पण चारही ठिकाणी तो एकदम राहिला, असेही म्हणता येणार नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे ‘हे नाव कशावरून पडले?’ याचे उत्तर बहुधा साधे आहे: चिखलावरून. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो आहे. व्युत्पत्तीत न्यायाधीशासारखा निकाल क्वचितच देता येतो, वजन कुठे जास्त आहे एवढे सांगता येते.

गार्ग्याचा टोचणारा प्रश्न

इथे कोणी चतुर श्रोता विचारेल, ‘सर, दऱ्या तर सगळ्याच पावसाळ्यात चिखलाच्या. मग प्रत्येक दरीचे नाव चिखलदरा का नाही?’

हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हटला तरी चालेल. यास्काचे निरुक्त हा आपल्याकडचा शब्दांच्या मुळांचा विचार करणारा फार प्राचीन ग्रंथ. त्यात एक वाद दिलेला आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामे क्रियापदांपासून, कुठल्यातरी कृतीवरून आली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. त्याचा आक्षेप मोठा खुसखुशीत आहे. टोचते म्हणून गवताला ‘तृण’ म्हणायचे, तर जे जे टोचते त्या सगळ्याला तृण म्हणा. रस्ता कापतो म्हणून ‘अश्व’, तर रस्त्याने जाणारा प्रत्येक जण अश्व म्हणायला हवा.

यास्क उत्तर देतो ते व्यवहारातले आहे. लाकूड पुष्कळ जण तासतात, पण ‘तक्षा’ म्हणजे सुतार हे नाव एकालाच मिळते. फिरतात सगळे, पण ‘परिव्राजक’ सगळ्यांना म्हणत नाहीत. म्हणजे गुण अनेकांत असतो, नाव मात्र लोक एकालाच देतात, आणि दिले की ते चिकटते.

गावाच्या नावाला हे तंतोतंत लागू पडते. वडाची झाडे सगळीकडे, पण वडगाव काही गावांनाच म्हटले. पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव, जांभूळपाडा, सगळ्यांचे तसेच. वाटेने जाणाऱ्या कोणाला तरी ती जागा दुसऱ्या जागेपासून वेगळी सांगायची होती. ‘तो वडाजवळचा’, ‘तो चिखलाचा’. नाव हे आधी पत्ता असते. त्यात काव्य नंतर येते.

मग गोष्ट का रचली?

आता आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, आणि माझ्या मते हा जास्त महत्त्वाचा आहे.

भाषाशास्त्रात ‘लोकव्युत्पत्ती’ असा शब्द वापरतात. सहसा ती कधी घडते? शब्द कळेनासा होतो तेव्हा. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ घ्या. फारसीतले ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे असली की मोठे ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. फारसी गेली, शब्द राहिले, अर्थ हरवला. अशा हरवलेल्या अर्थाच्या जागी लोक काहीतरी अर्थ भरतात. अज्ञान भरून काढण्यासाठी गोष्ट, हे समजण्यासारखे आहे.

पण चिखलदऱ्याचे तसे नाही. चिखल कोणाला कळत नाही? शाळेत न गेलेल्यालाही कळतो. म्हणजे इथे अर्थ हरवलेला नव्हता. अर्थ समोर होता आणि तो पुरेसा वाटत नव्हता. ‘तुमचं गाव कुठलं?’ ‘चिखलाचं.’ हे सांगताना जीभ थोडी अडखळते. त्याच जागी ‘जिथं भीमानं कीचकाला फेकलं ते’ असे सांगितले की माणूस ताठ उभा राहतो. गोष्टीने नावाचा अर्थ सांगितलेला नाही, गावाची पत सांगितली आहे. एका कोपऱ्यातल्या डोंगराला तिने हस्तिनापूर-इंद्रप्रस्थाच्या मोठ्या नकाशात जागा मिळवून दिली. ‘आम्हीही त्या कथेत आहोत,’ हे तिचे खरे विधान आहे.

आणि आणखी एक. लोकांनी कोणता प्रसंग निवडला ते पाहा. महाभारतात प्रसंग काय कमी आहेत? या दरीने निवडला तो असा: एक बाई दुसऱ्याच्या घरी कामाला आहे. घरातला सत्तावान पुरुष तिला छळतो. ती भर सभेत दाद मागते, तिथे तो तिला लाथ मारतो. राजा गप्प बसतो. तिचा स्वतःचा नवरा, वेष बदललेला धर्मराज, तिला तिथून जायला सांगतो, कारण द्यूत चालू आहे. सभेत न्याय मिळत नाही, तो रात्री, अंधारात, दुसऱ्याकडून मिळवावा लागतो. आणि लोककथा त्याच्यापुढे ग्रंथात नसलेली एक गोष्ट जोडते: त्या पुरुषाला साधी अंत्ययात्राही नाही, तो दरीत. दरीकडे बोट दाखवून पिढ्यान् पिढ्या हे सांगितले गेले असेल, तर तो भूगोलाचा धडा नाही, नीतीचा आहे. व्युत्पत्ती म्हणून तो चुकला, म्हणून नीतीचा धडा म्हणून चुकत नाही.

गोष्टीची अशी नैतिक तपासणी मात्र दोन्ही बाजूंनी करावी. नाशिकचे उदाहरण घ्या. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, नाक म्हणजे नासिका, म्हणून नाशिक. तिथल्या लेण्यांत सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा शिलालेख आहे, त्यात ‘नासिक’ हे नाव येते. म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुने, हे पक्के झाले. पण गंमत बघा, शिलालेख नावाचे वय सांगतो, कारण सांगत नाही. नावावरून नाकाची गोष्ट सुचली की गोष्टीवरून नाव, याबद्दल दगड गप्प आहे. आणि गोष्ट म्हणून पाहिली तर एका ठिकाणी बाईला छळणारा दरीत जातो आणि दुसऱ्या ठिकाणी एका बाईचे नाक जाते. दोन्ही गोष्टी आपण सारख्याच सहजतेने मुलांना सांगतो. सांगताना थोडे थांबायला काय हरकत आहे?

गोष्टीखाली कोण झाकले जाते?

इथपर्यंत मी गोष्टीची बाजू घेतली. आता तिच्याविरुद्ध बोलतो.

नाशिकच्या त्याच लेण्यांना लोक काय म्हणतात? पांडवलेणी. ती लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. ज्यांनी दाने दिली त्यांची नावे तिथे दगडात कोरलेली आहेत. पांडवांचा तिथे संबंध नाही. पण पुढच्या काळात ती लिपी वाचता येईनाशी झाली, भिक्षू राहिले नाहीत, आणि रिकाम्या लेण्यांत पांडव राहायला आले. गोष्टीने जागेला पत दिली खरी, पण ज्यांची जागा होती त्यांचे नाव पुसून.

मेळघाटात हाच धोका जिवंत माणसांना आहे. हा मुलूख मुख्यतः कोरकू लोकांचा. कोरकू ही भाषा मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची नातेवाईक. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे सात लाख लोक, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे. ‘कोर’ माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय.

त्यांची स्वतःची उत्पत्तिकथा आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये छापलेल्या ग्रंथात ती नोंदवली आहे. रावणाने महादेवाला विनंती केली की या ओसाड डोंगरात माणसे वसव. महादेवाने मातीच्या दोन आकृती केल्या, एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्यात जीव घातला. तेच मूला आणि मूलाई, कोरकूंचे आदिपुरुष आणि आदिमाता. पाहा, त्याच डोंगरात एक कथा विराटाची आणि दुसरी रावणाच्या विनंतीची. पहिली कथा सहलीला आलेल्या प्रत्येकाला सांगतात. दुसरी किती जणांच्या कानावर पडते?

मेळघाटातून सिपना नावाची नदी वाहते. कोरकूत सिपना म्हणजे साग. सागाच्या जंगलातून वाहणारी ती सिपना, किती नेमके नाव! आता मी इथे बसल्या बसल्या एक गोष्ट रचून दाखवतो. वनवासात सीतामाई या नदीकाठी झोपली. तिला स्वप्न पडले. स्वप्नाचे सपना, सपनाचे सिपना. कशी वाटली? ऐकायला गोड आहे, उच्चाराला कीचकदऱ्यापेक्षा सोपी आहे. ही मी आत्ता रचली, कृपा करून कुठे लिहू नका! पण कोणी लिहिली, एखाद्या फलकावर रंगवली, एखाद्या पुस्तिकेत छापली, तर दहा वर्षांत ती ‘परंपरा’ होईल. आणि त्या दिवशी नदीच्या नावातून साग जाईल, आणि सागाबरोबर एक अख्खी भाषा जाईल. त्या भाषेतल्या मुलाला स्वतःच्या नदीचे नाव परक्या गोष्टीतून शिकावे लागेल.

म्हणून मी म्हटले, नुकसान कोणाचे होते ते पाहू. लोकव्युत्पत्तीचे नुकसान सहसा विद्वानांचे होत नाही. ज्यांची भाषा फलकावर नसते, त्यांचे होते.

तारीख असलेली गोष्ट

आता तिसरी गोष्ट. पर्यटनाच्या पुस्तिकांत असते की १८२३ साली हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा ‘शोधून काढले’. भीम आणि कीचकाला हसणारे आपण शिकलेले लोक हे वाक्य मात्र गंभीरपणे वाचतो, कारण त्यात साल आहे, हुद्दा आहे, आडनाव आहे.

पण थोडा विचार करा. गाविलगडचा किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या नावातच गवळी आहेत. त्या किल्ल्यासाठी डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेची आणि मराठ्यांची लढाई झाली. डोंगरात कोरकू होते, गवळी होते, गुरे चरत होती. मग वीस वर्षांनी रॉबिन्सनने नेमके काय शोधले? इंग्रज अधिकाऱ्यांना उन्हाळ्यात राहायला थंड जागा. ते खरे आहे, आणि तसेच सांगावे. ‘चिखलदऱ्याचा शोध लागला’ हे मात्र कीचकाच्या गोष्टीइतकेच पुराण आहे, फक्त त्याला कोट-पाटलोण घातलेले आहे. साल असले म्हणजे गोष्ट खरी होत नाही आणि साल नसले म्हणजे खोटी होत नाही.

नाव अर्थावर टिकते का?

आता थोडे तत्त्वज्ञान, घाबरू नका. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात विशेषनामांबद्दल एक उदाहरण दिले आहे. इंग्लंडात डार्टमथ नावाचे गाव आहे, डार्ट नदीच्या मुखाशी, म्हणून डार्टमथ. मिल म्हणतो, समजा वाळूने नदीचे मुख बुजले, किंवा भूकंपाने नदी दूर गेली, तरी गावाचे नाव बदलावे लागणार नाही. म्हणजे नाव पडताना कारण असेल, पण नाव चालते ते कारणाच्या जोरावर नाही. ते लोकांच्या वापरावर चालते.

मिलला भूकंपाची कल्पना करावी लागली. आपल्याकडे ती कल्पना राहिलेली नाही. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. पाणी खूप उतरले की तिथले जुने देऊळ वर येते, लोक बघायला जातात. गाव दुसरीकडे वसले, आणि नाव पळसदेवच. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे आमड्याला नवी घरे झाली, २०१७ मध्ये लोक राहायला गेले, त्या गावालाही माळीणच म्हटले. जागा गेली, घरे गेली, नाव माणसांबरोबर चालत गेले. तिथे नावाची व्युत्पत्ती कोण विचारत बसेल? ‘माळीण’ या नावाचा आज अर्थ आहे ती माणसे.

आणि मेळघाटात? मघाशी ज्या वैराटचा उल्लेख केला, तिथे गाव होते. व्याघ्र प्रकल्पासाठी वैराट, चुरणी अशी काही गावे जंगलाबाहेर हलवण्यात आली. विराट राजाच्या पुराव्यासाठी आपण ज्या नावाकडे बोट दाखवतो, तिथून गेलेल्या माणसांची गोष्ट आपण विचारत नाही. आपल्याकडे जमिनीच्या दप्तरात उठून गेलेल्या गावाला बेचिराग म्हणतात, विदर्भात रीठ म्हणतात. बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. नाव नकाशावर, दिवा नाही. अशा ठिकाणी गोष्ट गोळा करायची घाई असते, कारण ती सांगणारे आता वेगवेगळ्या ठिकाणी राहतात.

मूळ नावाचा हट्ट

या सगळ्याचा आजच्या काळाशी काय संबंध? फार आहे. हल्ली गावांच्या, शहरांच्या नावांवरून वाद होतात. दोन्हीकडचे लोक एकच वाक्य बोलतात: ‘मूळ नाव हे होते.’ जणू मूळ सापडले की वाद मिटला.

याला एक चांगला उतारा आहे. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. तिथे व्युत्पत्तीबद्दल काही शंका होती का? मुळीच नाही. ती नावे कशावरून पडली हे सगळ्यांना ठाऊक होते. ते ठाऊक होते म्हणूनच बदलायची होती. म्हणजे नावाचे मूळ शंभर टक्के पक्के असूनही नाव ठेवण्याचा हक्क सिद्ध होत नाही. आणि उलटही तितकेच खरे: मूळ कितीही ओढूनताणून सिद्ध केले तरी नाव बदलण्याचा हक्क सिद्ध होत नाही. नाव ठेवायचे की बदलायचे हा आज तिथे राहणाऱ्यांच्या प्रतिष्ठेचा आणि संमतीचा प्रश्न आहे. तो तसाच उघडपणे मांडावा. त्यासाठी भीमाला, रामाला किंवा एखाद्या शिलालेखाला खोटी साक्ष द्यायला उभे करू नये.

तुमच्या गावाची गोष्ट

शेवटी एक काम सांगतो. तुमच्यापैकी अनेक जण गावापासून दूर राहता. पुढच्या वेळी गावी गेलात की नावाची गोष्ट विचारा. एकाला नको, तिघा-चौघांना विचारा. पाटलाच्या वाड्यात विचारा आणि गावकुसाबाहेरही विचारा. आजोबांना विचारता तसे आजीलाही विचारा. ती दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेली असते, तिने या गावाबद्दल तिकडे काय ऐकले होते ते विचारा. शेजारच्या गावाला तुमच्या गावाबद्दल काय म्हणतात तेही विचारा, ते बहुधा कमी गौरवाचे आणि जास्त मजेशीर असते! गावात दुसरी भाषा बोलणारे कोणी असतील तर ते त्या ओढ्याला, टेकडीला काय म्हणतात हे त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. जे जे ऐकाल त्यापुढे कोणी, कुठे, कधी सांगितले ते लिहा. गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जुळवू नका. न जुळणे हीच खरी माहिती आहे.

आणि कधी गावाच्या वेशीवर फलक लावायची वेळ आली, तर दोन शब्द सोडू नका: ‘असे सांगतात’. ‘भीमाने कीचकाला इथे टाकले’ आणि ‘भीमाने कीचकाला इथे टाकले असे सांगतात’, या दोन वाक्यांत फरक फक्त दोन शब्दांचा. पण पहिले वाक्य बाकी सगळ्यांची तोंडे बंद करते. दुसऱ्या वाक्यानंतर कोरकू म्हातारा पुढे येऊन म्हणू शकतो, ‘आमच्यात वेगळं सांगतात.’ आणि मग आपण त्याला बसायला जागा करून द्यायची आणि ऐकायचे.

एवढेच सांगायचे होते.